अर्धवट आठवणाऱ्यांचा गणिताचा वर्ग

उणे ०.७ आणि १३/८ या दोन संख्या संख्यारेषेवर कुठे येतील, असा प्रश्न जेम्स स्टिगलर, कॅरन गिव्हिन आणि बेलिंडा थॉम्पसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार बरोबर उत्तर देणारे निघाले २१ टक्के. ‘अ’ ही धन पूर्ण संख्या असेल तर अ/५ मोठा की अ/८, या प्रश्नाचे बरोबर उत्तर निम्म्यांहून थोड्याच जास्त जणांना देता आले. डोळे मिटून उत्तर दिले असते तरी निम्मे बरोबर आलेच असते. हे विद्यार्थी शाळेचे तोंड न पाहिलेले नव्हते. बहुतेकांनी शालेय शिक्षण पुरे केले होते, बीजगणिताच्या वर्गात वर्षे काढली होती, समीकरणे सोडवली होती आणि परीक्षाही दिल्या होत्या.

अशा विद्यार्थ्यांना गणित शिकवणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्या कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकाचे काम कसे चालते ते इथे सविस्तर सांगायचे आहे. विद्यापीठातल्या गणितज्ञाविषयी आपण कौतुकाने बोलतो, शाळेतल्या गणिताच्या बाईंची आठवण काढतो. या दोघांच्या मधला हा माणूस मात्र सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. माझ्या मते गणित शिकवण्यातले सगळ्यात अवघड काम त्याच्या वाट्याला आलेले आहे.

लहान मुलाला अपूर्णांक शिकवणे वेगळे आणि तीस वर्षांच्या माणसाला शिकवणे वेगळे. मुलाची पाटी बऱ्यापैकी कोरी असते. मोठ्या माणसाच्या पाटीवर जुने लिखाण असते, अर्धे पुसलेले, एकावर एक चढलेले. त्याला तिरकस गुणाकार आठवतो, पण तो कशासाठी करायचा हे आठवत नाही. मग तुलना असो, बेरीज असो वा गुणाकार, दोन अपूर्णांक शेजारी दिसले की तो तिरकस गुणाकार करून मोकळा होतो. नाहीतर १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ असे तो लिहितो. अपूर्णांकांच्या गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचे असते, तोच नियम त्याने बेरजेला लावलेला असतो. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² हेही तो न अडखळता लिहितो, कारण (अब)² म्हणजे अ²ब² हे खरेच असते. जवळपास प्रत्येक चुकीच्या पाठीमागे असा एखादा खरा नियम असतो, फक्त तो भलत्या ठिकाणी वापरलेला असतो.

सूत्रे पाठ करण्याच्या युक्त्याही यात भर घालतात. आपल्याकडे पदावलीसाठी ‘कंचेभागुबेव’ शिकवतात, अमेरिकेत त्याच कामासाठी ‘प्लीज एक्स्क्यूज माय डिअर आँट सॅली’ असे एक वाक्य पाठ करून घेतात. त्या वाक्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. म्हणून १२ ÷ ३ × २ याचे उत्तर तिथला विद्यार्थी बरेचदा २ असे काढतो. बरोबर उत्तर ८ आहे, कारण गुणाकार आणि भागाकार यांचा दर्जा सारखाच, डावीकडून जो आधी येईल तो आधी करायचा. आपल्या सूत्रात भागाकार आधी असल्यामुळे ही विशिष्ट चूक आपल्याकडे सहसा होत नाही. पण १० − ४ + ३ याचे उत्तर दोन्हीकडची मुले ३ लिहून बसतात, कारण दोन्ही सूत्रांत बेरीज वजाबाकीच्या आधी आहे. बरोबर उत्तर ९.

मुरलेला प्राध्यापक २/५ या उत्तरावर लगेच काट मारत नाही. तो विचारतो, २/५ मोठा की १/२ मोठा? विद्यार्थी दशांशात मांडून पाहतो : ०.४ आणि ०.५. मग पुढचा प्रश्न : अर्ध्यात आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले? इथे विद्यार्थी थबकतो. आपले उत्तर आपल्यालाच तपासता येते, त्यासाठी पुस्तकाच्या मागची पाने उलटावी लागत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात पहिल्यांदा अशा क्षणी येते. (अ + ब)² साठी तो ३ आणि ४ घ्यायला सांगतो. ३ अधिक ४ म्हणजे ७ आणि ७ चा वर्ग ४९, पण ९ अधिक १६ म्हणजे फक्त २५. उरलेले २४ कुठे गेले? मग फळ्यावर ७ बाजूचा चौरस येतो. प्रत्येक बाजू ३ आणि ४ अशी विभागली की आत चार तुकडे दिसतात : ९ चा एक चौरस, १६ चा एक चौरस आणि १२-१२ चे दोन आयत. हरवलेले २४ ते हेच. ‘दोन अब’ हे पद कुठून येते ते एकदा असे दिसले, की घोकलेल्या ओळीवर विसंबून राहावे लागत नाही.

स्टिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांच्या मुलाखतीही घेतल्या. त्यांतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. बेरीज बरोबर आहे की नाही हे कसे तपासाल, असे विचारल्यावर विद्यार्थ्याने बेरजेतून एक संख्या वजा केली आणि दुसरी मिळाल्याचे दाखवले. मग या संख्येऐवजी ती दुसरी संख्या वजा केली तर चालेल का, असे विचारले, तेव्हा ते चालेल असे त्याला वाटले नाही. वजाबाकी त्याने अचूक केली होती, पण दोन भाग मिळून एक पूर्ण होतो, त्यातला कोणताही भाग काढला तरी दुसरा उरतो, हे चित्र त्याच्या मनात नव्हते. प्राध्यापकाला सत्रभर खटपट करायची असते ती या चित्रासाठी.

ही कॉलेजे आली कुठून? इलिनॉय राज्यात १९०१ साली सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अशा सार्वजनिक संस्थांमधले सर्वांत जुने. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४ च्या कायद्याने सरकारने उचलला आणि वर्गखोल्या भरून गेल्या. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाने घराजवळची, परवडणारी, दोन वर्षांचे शिक्षण देणारी कॉलेजे देशभर उभारावीत असे सांगितले, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात वाटणीच करून टाकली : शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जागा, वरच्या एक-तृतीयांशाला स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि कम्युनिटी कॉलेजाचे दार सर्वांना उघडे. आज त्या एका राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. तिथल्या रहिवाशाला एका श्रेयांकाला ४६ डॉलर भरावे लागतात, अमेरिकेतल्या इतर शिक्षणाच्या मानाने फारच थोडे. दोन वर्षे इथे काढून तिसऱ्या वर्षी बर्कलीसारख्या विद्यापीठात जाता येते. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी घरांना क्युपर्टिनोचे डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचे फुटहिल ही नावे ओळखीची असतात, कारण शाळेत असतानाच कॉलेजचे गणित घेणारी मुले तिथे जातात. त्याच वर्गात त्यांच्या शेजारी रात्रपाळी करून आलेला मालवाहू गाडीचा चालक असतो, दोन मुलांची आई असते, सैन्यातून निवृत्त झालेला तरुण असतो. विद्यार्थ्यांचे सरासरी वय पंचविशीच्या पुढे आहे. एकाच फळ्यासमोर इतकी वेगवेगळी माणसे बसलेली मी दुसऱ्या कुठल्या शिक्षणव्यवस्थेत पाहिलेली नाहीत.

आता प्राध्यापक कोण होऊ शकतो ते पाहू. कॅलिफोर्नियात गणित शिकवण्यासाठी गणितातली किंवा उपयोजित गणितातली पदव्युत्तर पदवी लागते. पदवी गणितातली आणि पदव्युत्तर शिक्षण संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणितशिक्षण यांतले असेल तरी चालते. पीएच.डी.ची अट नाही आणि संशोधनपर लेख छापण्याचीही नाही. निवडीच्या वेळी मुलाखतीबरोबर उमेदवाराला समितीपुढे थोडा वेळ प्रत्यक्ष शिकवून दाखवावे लागते. समितीतले प्राध्यापक कधी कधी मुद्दाम विद्यार्थ्यासारखे चुकीचे उत्तर देतात आणि उमेदवार त्या उत्तराचे काय करतो ते पाहतात. पूर्णवेळ जागा मिळाली तर आठवड्याला सुमारे १५ तास वर्ग, म्हणजे एका सत्रात चार-पाच तुकड्या. शिवाय विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेले तास, प्रश्नपत्रिका, तपासणी, विभागाच्या बैठका. कायम व्हायला कॅलिफोर्नियात साधारण चार वर्षे लागतात.

पूर्णवेळ जागा मात्र थोड्या. खूपसे शिकवणे अर्धवेळ प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे. कॉलेजांच्या एका जिल्ह्यात पूर्ण कार्यभाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम त्यांना देता येत नाही, म्हणून पोट भरण्यासाठी ते सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या आणि रात्री तिसऱ्या कॉलेजात शिकवतात. महामार्गावरच दिवस जातो म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. विद्यार्थ्याला शंका विचारायची असते वर्ग संपल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी प्राध्यापकाला पुढच्या गावाला निघायचे असते. गणिताच्या शिक्षणाचे यात जे नुकसान होते ते कुठल्या तक्त्यात दिसत नाही, पण ते मोठे आहे.

या प्राध्यापकांत बाहेरच्या देशांतून आलेले खूप आहेत. भारतातली एम.एस्सी. घेऊन आलेल्यालाही आपल्या पदवीचे तिथल्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते. हा रस्ता किती लांब पडू शकतो हे हाइमे एस्कलांते यांच्या आयुष्यावरून कळते. १९३० साली बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये जन्मलेले एस्कलांते तिथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत आल्यावर त्यांच्या अनुभवाला किंमत राहिली नाही. उपाहारगृहात काम करत त्यांनी पॅसाडेना सिटी कॉलेज या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले, पुढे स्टेट युनिव्हर्सिटीची पदवी मिळवली आणि १९७४ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये पुन्हा शिक्षक झाले. १९८२ मध्ये त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची प्रगत परीक्षा दिली. त्यांतल्या १४ जणांवर परीक्षामंडळाने संशय घेतला, १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सगळे उत्तीर्ण झाले. ही कथा १९८८ च्या चित्रपटामुळे जगभर पोहोचली. तिचा एक भाग चित्रपटाबाहेर राहतो : एस्कलांते यांच्या विद्यार्थ्यांची उन्हाळ्यातली तयारी ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात होत असे. शाळेच्या चार भिंतींत न मावणारा वेळ एका कम्युनिटी कॉलेजाने दिला होता.

पण प्राध्यापक कितीही चांगला असला, तरी विद्यार्थी त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा. अनेक वर्षे ही पोहोच एका चाचणीवर ठरत असे. प्रवेश घेतल्याबरोबर संगणकावर गणिताची छोटी परीक्षा व्हायची, आणि गुणांवरून विद्यार्थ्याची पायरी ठरायची : अंकगणित, पूर्वबीजगणित, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित. या पायऱ्या चढल्यावर कॉलेजच्या दर्जाचा पहिला अभ्यासक्रम यायचा. खालच्या पायऱ्यांवरचे श्रेयांक विद्यापीठात धरले जात नसत; फी जायची, वर्ष जायचे आणि खाते रिकामे राहायचे.

या जिन्याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, १०० विद्यार्थी तीन पायऱ्या खाली आहेत. प्रत्येक वर्गात ७० टक्के उत्तीर्ण होतात, आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकी ८५ टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. दोन्ही आकडे काही वाईट नाहीत. पहिल्या वर्गातून ७० जण बाहेर पडले. पुढे नाव घातले सुमारे ६० जणांनी. त्यांतले ४२ उत्तीर्ण, नाव घातले ३५ जणांनी. उत्तीर्ण २५, नाव घातले २१ जणांनी. आता हे २१ जण कॉलेजच्या दर्जाच्या अभ्यासक्रमात आले आणि त्यांतले १५ उत्तीर्ण झाले. कोणीही वाईट शिकवले नाही, तरी शंभरातले ८५ गळाले. आता असे धरा की प्रत्येक वर्गात असामान्य शिक्षक आले आणि उत्तीर्णांचे प्रमाण ७० वरून ८० टक्क्यांवर गेले. शेवटी किती उरतील? २५. उलट, सगळ्यांना थेट शेवटच्या वर्गात बसवले आणि अर्धेच उत्तीर्ण झाले, तरी ते ५० असतील.

प्रत्यक्षातली आकडेवारी याच सुराची निघाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्रात थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की गणिताच्या पूर्वतयारीच्या वर्गांत पाठवलेल्यांपैकी तीन वर्षांत कॉलेजच्या दर्जाचा पहिला अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम २० टक्के होते. त्याच केंद्रातल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये दाखवले, की गणिताच्या प्रवेशचाचणीने सुमारे एक-चतुर्थांश विद्यार्थ्यांना अगदी भलत्या जागी बसवले होते, आणि शाळेतले गुण या चाचणीपेक्षा जास्त विश्वासार्ह होते. वर्षानुवर्षे वापरातली ‘कंपास’ ही चाचणी ती चालवणाऱ्या एसीटी संस्थेने २०१६ मध्ये बंद केली.

हे गणित करून पाहणाऱ्यांत वर्गात शिकवणारे प्राध्यापकच पुढे होते. कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्ग गावच्या लॉस मेदानोस कॉलेजमध्ये मायरा स्नेल यांनी २००९ मध्ये जिन्याला फाटा देणारा अभ्यासक्रम सुरू केला. ज्याला पुढे संख्याशास्त्र घ्यायचे आहे त्याला बहुपदींचे अवयव पाडण्यात तीन सत्रे घालवण्याची गरज काय, हा त्यांचा प्रश्न होता. २०१० मध्ये त्यांनी इंग्रजीच्या प्राध्यापिका केटी हर्न यांच्यासह राज्यभरच्या कॉलेजांसाठी चळवळ उभी केली. पुढे कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला, की शाळेतली कामगिरी पाहून बहुतेकांना थेट कॉलेजच्या दर्जाच्या वर्गात बसवावे आणि लागेल ती मदत त्याच सत्रात द्यावी.

याची सगळ्यात स्वच्छ कसोटी न्यू यॉर्कमध्ये लागली. अलेक्झांड्रा लोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत ९०७ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. सगळ्यांना चाचणीने प्राथमिक बीजगणितात पाठवले होते. पहिल्या गटाने नुसते बीजगणित घेतले, ३९ टक्के उत्तीर्ण झाले. दुसऱ्याने बीजगणिताबरोबर आठवड्याचा सराववर्गही घेतला, ४५ टक्के उत्तीर्ण झाले. तिसऱ्याने बीजगणित वगळून थेट कॉलेजच्या दर्जाचे संख्याशास्त्र आणि सराववर्ग घेतला, ५६ टक्के उत्तीर्ण झाले. ‘अपात्र’ ठरवलेले विद्यार्थी वरच्या विषयात जास्त संख्येने उत्तीर्ण झाले. पुढच्या काही वर्षांत पदवी मिळवण्यातही हाच गट पुढे राहिला.

आता अशा संख्याशास्त्राच्या वर्गात जाऊन बसू. समजा, एका विद्यार्थिनीला परिचारिका व्हायचे आहे आणि त्यासाठी हा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत एका परीक्षेचे गुण दिले जातात : सरासरी ७०, प्रमाण विचलन ८. ज्याला ६४.४ गुण पडले तो सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर? ६४.४ वजा ७० म्हणजे उणे ५.६, त्याला ८ ने भागले की उणे ०.७. ज्याला ८३ पडले त्याचे? १३ भागिले ८. लेखाच्या सुरुवातीला आलेल्या त्याच दोन संख्या, पण आता त्यांना अर्थ आहे. उणे म्हणजे सरासरीच्या खाली, अधिक म्हणजे वर. १३/८ हा अपूर्णांक एकाहून मोठा आणि दोनाहून लहान, म्हणजे हा विद्यार्थी सरासरीच्या वर एक पाऊल टाकून दुसऱ्याच्या मध्यापलीकडे गेलेला. संख्यारेषेवर त्या कुठे येतात हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण त्या कोणाच्या तरी गुणांच्या जागा आहेत.

काही आठवड्यांनी मतचाचणी येते. ४०० जणांना विचारले, ५२ टक्के ‘हो’ म्हणाले. अख्ख्या गावाचे मत काय असेल? अंदाज किती चुकू शकतो ते मोजायचे सूत्र असे : ०.५२ गुणिले ०.४८, भागिले ४००, आणि या सगळ्याचे वर्गमूळ. गुणाकार ०.२४९६. भागाकार ०.०००६२४. वर्गमूळ सुमारे ०.०२५. विद्यार्थिनीच्या गणकयंत्रावर मात्र ०.००१२५ दिसते. प्राध्यापक तिला यंत्रावर काय दाबले ते वाचून दाखवायला सांगतो. तिने ०.२४९६ चे वर्गमूळ आधी काढले आणि मग ४०० ने भागले. कंसाचा धडा इथे येतो, आणि तो ध्यानात राहतो, कारण कंस चुकल्याने अख्ख्या गावाच्या मताचा अंदाज चुकणार असतो.

कंस सुधारल्यावर ती वेगळीच शंका काढते : वर्गमूळ काढल्यावर संख्या लहान व्हायला हवी ना, ही तर मोठी झाली! शंका अगदी रास्त आहे. १०० चे वर्गमूळ १०, ४९ चे ७, तिने आयुष्यभर हेच पाहिलेले. प्राध्यापक विचारतो, अर्ध्याचा अर्धा किती? पाव. म्हणजे अर्ध्याचा वर्ग पाव, आणि पावाचे वर्गमूळ अर्धे. एकाहून लहान धन संख्येचे वर्गमूळ तिच्याहून मोठे असते. हेच वाक्य अंकगणिताच्या पायरीवर, सहा महिने आधी, कोणी सांगितले असते तर ती तेव्हा ते वहीत उतरवून विसरली असती. इथे तिला ते हवे होते, म्हणून मिळाले. आवश्यक ती उजळणी आवश्यक त्या दिवशी, एवढीच या पद्धतीची रीत आहे. ऐकायला सोपी, पण तिच्यासाठी प्राध्यापकाने सत्र सुरू होण्याआधीच प्रत्येक धड्यात विद्यार्थी कुठे अडखळेल याचा हिशेब मांडून ठेवलेला असावा लागतो.

पुढे ०.०२५ ची दुप्पट ०.०५. म्हणजे गावाचे मत ४७ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान, असे आपण ९५ टक्के विश्वासाने म्हणतो. या ९५ चा अर्थ समजावायला बराच वेळ द्यावा लागतो. याच रीतीने पुन्हा पुन्हा वेगवेगळे ४०० जण निवडून असे पट्टे काढले, तर शंभरातल्या सुमारे ९५ पट्ट्यांत गावाचा खरा आकडा सापडेल, असा तो अर्थ. पट्टा निम्मा अरुंद करायचा तर ८०० माणसे पुरतील का? नाही, १६०० लागतील, कारण भागाकार वर्गमूळाच्या आत आहे आणि ४ चे वर्गमूळ २. शेवटी कळीचा प्रश्न : गावाचे बहुमत ‘हो’ आहे, असे छापावे का? ५२ हा आकडा पाहून सगळे ‘हो’ म्हणतात. मग कोणीतरी पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवते : ४७ तर पन्नासच्या खाली आहे! निवडणुकीच्या दिवसांत छापून येणारे आकडे कसे वाचायचे, हे त्या वर्गाला त्या दिवशी कळते.

असा वर्ग शिक्षक एकटा बोलत राहून चालत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत यूरी ट्राइसमन यांनी एक अभ्यास केला होता. कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी का मागे पडतात आणि चिनी वंशाचे का पुढे जातात, हे पाहण्यासाठी ते विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या जागी जाऊन बसले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनतीत कुठेही कमी नव्हते; नेमून दिलेले तास ते नेमाने देत होते, पण एकटे. चिनी विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, अडलेला प्रश्न सगळ्यांनाच अडला आहे की आपल्यालाच, हे त्यांना कळत असे. ट्राइसमन यांनी उजळणीवर्गाऐवजी अवघड प्रश्नांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत आलेल्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. पुढे ते टेक्सासला गेले आणि तिथल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी गणिताचे नवे मार्ग आखण्यात त्यांनी पुढाकार घेतला. कम्युनिटी कॉलेजात गटाने बसवणे जास्तच कठीण असते, कारण वर्ग सुटला की प्रत्येकाला कामावर पळायचे असते. म्हणून मुख्य वर्गाला जोडून घेतल्या जाणाऱ्या सराववर्गाचे, म्हणजे जोडवर्गाचे, तास वेळापत्रकातच धरलेले असतात.

संख्याशास्त्राचा हा मार्ग आता बराचसा पक्का झाला आहे. वाद उरला आहे तो अभियांत्रिकी आणि विज्ञानाकडे जाणाऱ्यांचा. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या पुढच्या कायद्यानंतर अशा विद्यार्थ्यांनाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमांत न अडकवता थेट कलनशास्त्रात बसवण्याकडे ओढा आहे, आणि बरेच प्राध्यापक त्याला विरोध करतात. त्यांचा विरोध मला आडमुठेपणाचा वाटत नाही. संख्याशास्त्राच्या प्रत्येक धड्याला थोडेसेच बीजगणित लागते आणि ते त्या त्या दिवशी देता येते. कलनशास्त्रात साखळी नियमाच्या धड्याला फलनात फलन बसवणे आधीच अंगवळणी पडलेले लागते, आणि साइन-कोसाइनची विकलने काढायची तर त्रिकोणमिती हातात असावी लागते. ती एका दुपारी येत नाही. तरी शाळेत त्रिकोणमिती शिकून आलेल्या मुलीला केवळ चाचणीत दोन गुण कमी पडले म्हणून वर्षभर मागे ठेवणेही तितकेच चूक आहे. माझ्या मते दोघांना एकाच नियमात बसवू नये : जिने हा भाग शाळेत घेतला आहे तिला थेट कलनशास्त्र आणि सोबत जोडवर्ग द्यावा, आणि ज्याने तो कधी पाहिलाच नाही त्याला बीजगणित, त्रिकोणमिती आणि पूर्वकलन अशी वेगवेगळी सत्रे न देता या सगळ्यांना एकत्र गुंफणारे एकच सत्र द्यावे. कोण कुठे बसतो हे शाळेच्या गुणपत्रकावरून कळते, आणि पहिल्या आठवड्यात त्याने कागदावर काय लिहिले ते वाचून प्राध्यापकालाही कळते.